सहकुटुंब दर्शन आणि थोरले मूल

मुलाबाळांसह एका दिवसाचे देवदर्शन ठरते, तेव्हा तो दिवस कोणाच्या सोयीने आखावा, हा प्रश्न उभा राहतो. तान्ह्याला सावली व झोप हवी, पाच-सहा वर्षांच्या मुलाला खेळ हवा, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला काही नवे पाहावयास हवे. सर्वांत लहानाची सोय प्रथम पाहावी, हे उचितच. वऱ्हाडातील उन्हाळ्यात तर सकाळीच दर्शन आटोपावे. मात्र याची किंमत बहुधा थोरले मूल मोजते. 'तू मोठा ना?', 'तू मोठी ना?' एवढे म्हटले की त्याची इच्छा तेथेच संपते.

हा न्याय म्हणावा काय? सर्वांना सारखेच देणे म्हणजे समता नव्हे, हे खरे. परंतु समजूतदारपणा विचारून मागितला तर तो त्याग ठरतो. गृहीत धरला तर केवळ भार होतो.

अकोल्याहून सुमारे 20 किलोमीटरवरील बार्शीटाकळी येथील कालंका देवी मंदिराच्या शिलालेखात शके 1098 हा काळ नोंदलेला आहे. थोरल्याने त्यात 78 मिळवून इसवी सन 1176 काढावे आणि धाकट्यांना सांगावे. मधल्याने भिंतींवरील शिल्पे न्याहाळावीत. वडीलधाऱ्यांपैकी एकाने तान्ह्याजवळ सावलीत बसावे, आणि निदान एक तास थोरल्याच्या इच्छेने जाऊ द्यावा. ज्या मुलाचे मन असे विचारले जाते, ते पुढच्या वेळी न सांगताच धाकट्याचा हात धरते.