दहावं द्रव्य

आमच्या पांढरकवड्याकडे टॉर्चला सगळे बॅटरीच म्हणतात. हरभऱ्याला ओलित करायचं तर लाईन बरेचदा रात्रीची. धुऱ्यावर घोणस, टिपेश्वरच्या अंगाला वाघ, रानडुकरांपायी जागल वेगळीच. त्यामुळे थंडी पडली की माझ्या दुकानात रेडिओ-मिक्सरपेक्षा बॅटऱ्याच जास्त येतात.

घाटंजीकडचा एक शेतकरी मागे म्हणाला, "काका, उजेड बारीक केला का तुषारचं पाणी मण्यावानी तुटक दिसते जी. मोठ्या उजेडात नाई दिसत." नजर पक्की त्याची. स्वस्तातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट, उजेड कमी करतच नाही. ते एलईडी पूर्ण पेटवतं आणि पूर्ण विझवतं, सेकंदाला शेकडो वेळा. डोळ्याला ते कळत नाही. पण त्या उजेडात हात झटकन हलवला तर बोटांच्या तुटक प्रतिमा दिसतात. दहा टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी दहातले नऊ हिस्से वेळ विझलेलीच असते. म्हणजे हा मंद उजेड बनतो कशाचा? बहुतांशी अंधाराचाच!

अंधार ही वस्तू आहे का, हा वाद जुना आहे. न्यायशास्त्राची ओळख करून देणाऱ्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त द्रव्यं नऊ. स्वतःच लिहिलेल्या दीपिकेत तो शंका काढतो, की अंधार हे दहावं का नको? भाट्ट मीमांसक तसं मानत. अंधार काळा दिसतो, सरकतोही. रंग आणि हालचाल असलेली गोष्ट नुसता अभाव कशी असेल? पऱ्हाटीतून बॅटरी घेऊन चाललं की सावल्या बाजूने पळतात, तेव्हा मलाही मीमांसक खरा वाटतो. अन्नंभट्टासारख्या नैयायिकाचं म्हणणं, अंधार म्हणजे उजेडाचा अभाव, पळतो तो उजेड.

मी नैयायिकाच्या बाजूचा, आणि कारण मल्टिमीटर. ड्रायव्हरवर ७१३५ नंबरच्या तीन चिपा, प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर, म्हणजे पूर्ण उजेडाला १०५०. दहा टक्क्यांवर सरासरी शंभराच्या आसपास येते. विझलेल्या नऊ हिश्श्यांसाठी एलईडी काहीच ओढत नाही. अंधार द्रव्य असता तर तो कुठून तरी आणावा लागला असता. तरीही मंदपणा घडवला तो त्यानेच. अभावाला सातवा पदार्थ म्हणून 'तर्कसंग्रहा'च्या यादीत बसवणं मला पूर्वी पंडितांचा हट्ट वाटायचा, आता वाटत नाही.

(त्या शेतकऱ्याला मी स्थिर करंटचा ड्रायव्हर घालून दिला. मणी गेले. कमी करंटवर एलईडी तेवढ्याच विजेत जास्त उजेड देतो, म्हणून सेलही जास्त पुरतो.)

अडचण आहे ती स्विचची. मागच्या टोकाचं खटक्याचं बटण सर्किट खरोखर तोडतं. इलेक्ट्रॉनिक बटण तोडत नाही. बोट कधी पडेल याची वाट पाहत चिप जागी राहते आणि मायक्रोअँपिअरने सेल खाते. इथे अंधारालाही खर्च आला की! मीमांसकाने मला इथेच धरावं. उजेड उगवण्याआधीच्या त्याच्या अभावाला प्रागभाव म्हणून सुटावं, तर तो अनादी, त्याला कुणी पोसत नाही. मग खर्च चिपच्या जागेपणाचा म्हणावा लागतो. उत्तर तर्काला धरून आहे, पण त्यात थोडी पळवाट आहे हे मला दिसतं.

पावसाळाभर खुंटीला टांगून राहणाऱ्या बॅटरीला मात्र मी खटक्याचंच बटण बसवतो, आणि स्प्रिंगमध्ये व्होल्टेज पडू नये म्हणून तिच्यावर तांब्याची विणलेली तार सोल्डर करतो.