कळल्याचे ओझे

एखादी गोष्ट कळणे आणि तिच्यासंबंधी काही करण्यास बांधले जाणे, या दोहोंत अंतर आहे की नाही? प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गातला वाटतो. परंतु हल्ली तो सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या आईबापांच्या हाती कागदाच्या रूपाने पडतो. शहपुऱ्यासारख्या गावातून मुलाला घेऊन पस्तीसएक किलोमीटरवरच्या जबलपुरास जावे, कारण साधेच असावे, खेळताना लागलेला मार किंवा अंडकोषात साचलेले पाणी; आणि अहवालात मूळ तक्रारीखाली आणखी एक ओळ असावी : ‘टेस्टिक्युलर मायक्रोलिथियासिस’. वृषणातील सूक्ष्म नलिकांत कॅल्शियमचे बारीक कण दिसले, एवढाच तिचा अर्थ. एका चित्रात पाच किंवा अधिक कण दिसल्यास ही संज्ञा लावण्याचा प्रघात आहे. मुलाला दुखत नाही, खुपत नाही. दुखते ते आईबापांना, आणि तेही पुढच्या वाक्याने : याचा कर्करोगाशी संबंध असू शकतो, नजर ठेवावी.

‘नजर ठेवावी’ हे शब्द आम्हां कारकुनांच्या चांगले परिचयाचे आहेत. ‘मुदतीने पुनः सादर’ असा शेरा ज्या फाइलीवर पडतो ती बंद होत नाही आणि तिच्यावर निर्णयही होत नाही. दर वर्षी तिची तारीख मात्र येते. कागदाचे असे झाले तर कोणाचे बिघडत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत अशी फाइल करून ठेवण्याचा अधिकार बापाला कोणी दिला?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९७० साली दोन अमेरिकन वैद्यांनी चार वर्षांच्या एका मुलाच्या वृषणातील अशा कणांची हकीकत प्रसिद्ध केली. क्ष-किरणांत ते दिसले होते. पुढे ध्वनिलहरींची यंत्रे सुधारली आणि जे पूर्वी कोणालाच दिसत नव्हते ते पुष्कळांत दिसू लागले. वृषणाचा कर्करोग झालेल्यांना तपासले तेव्हा त्यांच्यांत हे कण वरचेवर सापडले, आणि भीती जन्मली. परंतु रोग्यांकडून मागे पाहणे निराळे आणि निरोग्यांकडून पुढे पाहणे निराळे. अमेरिकेत सैनिकी शिक्षण घेणाऱ्या १८ ते ३५ वयाच्या १५०४ निरोगी तरुणांची तपासणी झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८४ जणांत, म्हणजे शेकडा साडेपाचांच्या आसपास, कण आढळले. त्यांपैकी ६३ जणांचा पाच वर्षांनंतर ठाव घेता आला. कर्करोग झाला होता एकाला. शिवाय हा रोग आपल्याकडे मुळातच विरळा. डेन्मार्क-नॉर्वेत लाख पुरुषांमागे वर्षाला दहाच्या घरात रोगी निघतात, तर भारतात एकही पुरता भरत नाही. आणि झालाच, तर सिस्प्लॅटिन हे औषध १९७०च्या दशकात आल्यापासून बरे होणाऱ्या कर्करोगांत त्याची गणना अग्रभागी होते.

म्हणूनच युरोपातील मूत्र-जननसंस्थेच्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली सांगितले की नुसते कण असतील तर दरसालची सोनोग्राफी नको. मात्र वृषण जन्मतः खाली उतरलेले नसेल, ते खुरटलेले असेल, बापाला वा भावाला हा रोग झाला असेल, किंवा स्वतःलाच पूर्वी झाला असेल, तर ५५ वर्षांपर्यंत वार्षिक तपासणी करावी. हा अपवाद हलका लेखू नये. न उतरलेल्या वृषणाची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे सतरा हजार स्वीडिश पुरुषांच्या अभ्यासात (२००७) असे दिसले की तेरा वर्षांच्या आत ती झालेल्यांना रोगाचा संभव सामान्यांहून सव्वादोन पट होता, आणि नंतर झालेल्यांना साडेपाच पटींच्या जवळपास. तेव्हा ज्या घरात ‘मोठा झाला की आपोआप उतरेल’ म्हणून दीड वर्षाच्या पोराची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, त्या घराने कणांची चिंता करण्यापेक्षा त्याची चिंता आधी करावी. माझ्या मते खरी हेळसांड ती.

उरलेल्यांनी काय करावे? परीक्षिताची कथा सर्वांस ठाऊक आहे. तक्षकाच्या भयाने राजा एका खांबावरच्या प्रासादात बसला, भोवती वैद्य आणि मांत्रिक ठेवले. आणि तक्षक आला तो आशीर्वादाच्या फळांतून, बारीक किडा होऊन. परीक्षिताला शाप होता आणि सात दिवसांची मुदतही होती. या मुलांना दोन्ही नाही, तरी पहाऱ्याची रीत तीच. सोनोग्राफीने किरणांचा अपाय होत नाही हे खरे. पण दर वर्षी पाहत राहिले की केव्हातरी काहीतरी दिसतेच, ते निरुपद्रवी आहे याची खात्री करण्यासाठी सुई येते, सुरी येते. आणि त्याआधीच मुलाला कळलेले असते की आपल्यात काही वैगुण्य आहे. पत्रिकेत मंगळ असलेल्या मुलीला घरची माणसे ज्या दबक्या स्वराने वाढवतात तो स्वर आपल्याला परका नाही. मंगळाची थट्टा करणारे आपण पदवीधर लोक या नव्या पत्रिकेपुढे मात्र हात जोडून उभे राहतो.

वार्षिक तपासणीने आईबापांना स्वस्थता लाभते, असे म्हटले जाते. लाभत असेल, आठ दिवस. पण ती स्वस्थता आपली. तिची किंमत मुलाने का द्यावी? हे ज्ञान मुलाचे आहे. आपल्याकडे ते ठेव म्हणून आहे. ठेव दडवता येत नाही, तशी स्वतःच्या मनःशांतीसाठी वापरताही येत नाही. तो वयात आला, की आपले शरीर आपणच महिन्यातून एकदा चाचपून पाहावे, न दुखणारी कठीण गाठ लागली तर न लाजता वैद्याकडे जावे, एवढे त्याच्या स्वाधीन करावे.

येथे बदलीवर असणाऱ्यांची एक खास अडचण आहे. जबलपूरचा अहवाल पुढे रायपुरात वा गुवाहाटीत ट्रंकेच्या तळाशी राहतो. नवा वैद्य नव्याने पाहतो, नव्याने दचकतो, आणि प्रकरण पहिल्या पानापासून सुरू होते. शाळेच्या दाखल्याबरोबर तो कागद आणि ती चित्रे जपून ठेवावीत.

आणि सांगायचे कोणत्या शब्दांत? या अवयवांसाठी आपल्या भाषेत एक तर शिवी आहे, नाही तर संस्कृत. आमची मुले शाळेत हिंदी बोलतात. तिथेही निराळे काही नाही. गावी आजोबा किंवा मामा असता तर एखादे वेळी त्याने सांगितले असते. इथे बापालाच सांगावे लागेल, आणि तेही मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना, जेव्हा तो बापाशी फारसे बोलत नाही.