आहेर आणि भास्कराचे गाठोडे



लग्नसराई संपली की आपल्या बीदर-कलबुर्गीकडील घराघरांतून एक हिशेब सुरू होतो. कोणी काय नेसवले, कोणाच्या आहेराचे पाकीट हलके निघाले, व्याह्यांनी मानपान राखला की नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन मधून सीमा गेली. तरी आपल्या लेकी उदगीर-सोलापुरास जातात, तिकडच्या येथे सुना होऊन येतात, आणि हा हिशेबही त्यांच्याबरोबर ये-जा करतो. भावाने नेसवलेले लुगडे सासरी उलगडले जाते, जाऊबाई पोत चाचपून पाहतात, आणि बहीण मान खाली घालते. भावाने ते कोणत्या ओढगस्तीत आणले हे तिला सांगावयाचे असते. ऐकावयास कोणी बसत नाही.

अशा वेळी आम्हांस गुरुचरित्राच्या ३८ व्या अध्यायाचे स्मरण होते. ती कथा आपल्याच भूमीतली, भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूरची. श्रीनृसिंह सरस्वतींच्या मठात नित्य कोणी ना कोणी भक्त समाराधना घाली. तेथे भास्कर नावाचा एक दरिद्री ब्राह्मण आला. जेमतेम तिघांस पुरेल इतका शिधा त्याने वस्त्रात बांधून आणला होता. श्रीगुरूंस भिक्षा घालावी एवढीच त्याची इच्छा. परंतु रोज दुसऱ्याच कोणाचा बेत ठरलेला असे. भास्कर त्याच पंक्तीस जेवी आणि रात्री गाठोडे उशाशी घेऊन निजे. असे कितीतरी दिवस लोटले. लोक हसू लागले, की हा समाराधना घालावयास आला आणि स्वतःच रोज परान्न जेवतो!

आम्हांस या कथेत ते उशाचे गाठोडे फार बोलके वाटते. भास्कराचे देणे कोणी नाकारले नव्हते. त्यास कोणी विचारलेच नव्हते. नाकारला गेलेला मनुष्य निदान रुसतो, भांडतो. ज्यास विचारलेच नाही त्याने आपले दुःख कोणापुढे मांडावे? आपल्या घरांतूनही अशी गाठोडी उशाशी घेऊन निजणारी माणसे असतात. बहुधा त्या सुनाच असतात, कधी थकलेले वडीलही असतात.

श्रीगुरूंनी एके दिवशी आपण होऊन त्यास हाक मारली आणि आजची भिक्षा तू कर, अशी आज्ञा केली. एवढेच नव्हे, तर सर्वांस आमंत्रण देण्यासही त्यालाच पाठविले. पुन्हा लोक हसले; एकेक शीत तरी वाट्यास येईल का, असे म्हणू लागले. पुढे अन्न वस्त्राने झाकले गेले, कमंडलूतील उदक त्यावर प्रोक्षिले गेले, आणि चार सहस्र माणसे तृप्त झाली, हे आपण जाणताच. कीर्तनकार त्या चार सहस्रांवर रंगतात, आणि रंगावेच. मात्र श्रीगुरूंची हाक त्या चमत्काराच्याही आधीची आहे.

कोणी म्हणेल, ते सद्गुरू, आपण संसारी जीव. खरे आहे. तथापि सुनेच्या माहेरचे लुगडे हाती घेताना, “बाई, तुझ्या भावाच्या शेतात यंदा तुरीचे कसे काय झाले?” एवढे विचारण्यास अवतारी पुरुष व्हावे लागत नाही. मात्र विचारून झाल्यावर तिचे उत्तर संपेपर्यंत तेथून उठू नये.

देणे अल्प असले म्हणजे माणसे दुखावतात. अधिक झाले तर घरात कोणी हटकीत नाही. बाराव्या शतकात कल्याणास, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, आयदक्की मारय्या नावाचे शरण होते. अंगणात सांडलेले तांदूळ वेचावेत, त्यातूनच दासोह चालवावा, असा त्यांचा कायक. एके दिवशी ते नित्यापेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. पत्नी लक्कम्मा यांनी त्यांस दारातच विचारले, की आपल्याला लागतात त्याहून जास्त कशास आणलेत? हे परत ठेवून या. मारय्यांनी पत्नीचे बोलणे ऐकून घेतले आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथे नेऊन टाकले.