बालभाव आणि जिज्ञासा

परमेश्वरासमोर साधकाने कोणत्या भावाने उभे राहावे, हा आचारधर्मातील नित्याचा प्रश्न आहे. बालभावाने शरण जावे, असे उपदेशात पुष्कळदा सांगितले जाते. परंतु बालक दोन गोष्टी करते : हट्ट धरते आणि प्रश्न विचारते. यांपैकी प्रार्थनेला उपकारक कोणती, याचा विवेक झाल्यावाचून बालभाव या शब्दाचा अर्थ हाती येत नाही.

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी असलेले नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. परंपरेनुसार त्यांचा जन्म इ. स. १२७० मधील. बाल नामदेवाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. घरच्यांनी नैवेद्य घेऊन पाठविले, पण मूर्ती दूध घेईना. तेव्हा ते मूल तेथेच हटून बसले. शीख संप्रदायाच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात दुधाच्या या नैवेद्याचा प्रसंग आलेला आहे.

देवतोपासनेविषयी महानुभाव सिद्धान्त भिन्न आहे, हे वाचकांस विदितच आहे. येथे विचार केवळ वृत्तीचा करावयाचा आहे. वडीलधारी माणसे ताट ठेवतात, डोळे मिटतात आणि ताट उचलतात. त्या बालकाने मात्र देव जेवतो हे सांगणे खरे मानले व तो वाट पाहत राहिला. प्रार्थनेत उत्तराची खरोखर वाट पाहणे, हे बालभावाचे पहिले लक्षण होय.

तथापि नामदेवांची कथा येथे संपत नाही. गोरोबाकाकांनी संतमंडळीत त्यांना कच्चे मडके ठरविले, असे परंपरा सांगते. त्यानंतर याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले. नामदेवांनी हरकत घेतली. देव जेथे नसेल तेथे हे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले. आणि तशी जागा नामदेवांना सापडली नाही. ज्याच्यासाठी देवाने दूध प्याले, त्याने ‘मला सर्व कळले आहे’ असे म्हटले असते, तर तो हट्टच उरला असता. नामदेवांनी विसोबांना गुरू केले. आपली समजूत मोडू देण्याची ही तयारी बालभावाचे दुसरे लक्षण होय.

येथे शंका उद्भवते की, परमेश्वराला प्रश्न विचारणे हा अविश्वास ठरणार नाही काय? याचे समाधान लीळाचरित्रात मिळते. महदाइसेचे प्रश्न तेथे ठायी ठायी आढळतात आणि श्रीचक्रधरस्वामी त्यांना उत्तरे देतात. तिच्या जिज्ञासेचा गौरव पंथाच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. पुढे केशिराजांनी सूत्रपाठ सिद्ध केला, तो स्वामींच्या अशा निरूपणांतील वचने वेचूनच. भक्तजन विचारण्यास संकोचले असते, तर पुष्कळ निरूपणाला निमित्तच घडले नसते. परीक्षक प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. जिज्ञासूला ते ठाऊक नसते, म्हणून त्याच्या प्रश्नातच शरणागती असते.

या विवेकाची कसोटी दुःखात लागते. घरातील लेकरू दगावलेली माता ‘हे का झाले?’ असे परमेश्वराला विचारते. असे विचारू नये म्हणून तिला गप्प करणारे लोक धर्म राखीत नसतात. ते तिची प्रार्थनाच तोडीत असतात. जो ऐकत नाही अशी खात्री आहे, त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. तिचा आक्रोशदेखील श्रद्धेचाच उद्गार आहे. मात्र उत्तर आपल्याच इच्छेप्रमाणे यावे, ही अट प्रश्नाबरोबर जोडली की जिज्ञासा संपते आणि हट्ट सुरू होतो.

म्हणून साधकाने स्मरणास बसताना पाठ केलेल्या शब्दांआड आपला खरा प्रश्न लपवू नये. तो जसा आहे तसा परमेश्वरापुढे ठेवावा आणि उत्तराला अवकाश द्यावा.