जागा धरली आहे

आजचं वाचन : भागवत, दशम स्कंध, अध्याय १३.

वनभोजन चाललंय. कृष्ण मध्ये आणि गोपाळ त्याच्याभोवती गोल गोल रांगा करून बसलेत, कमळाच्या पाकळ्यांसारखे. प्रत्येकाचं तोंड त्याच्याकडे.

वाचताना कर्जत तालुक्यातलं सिद्धटेक आठवलं. अष्टविनायकाला निघालेले आम्ही सातजण. दर्शनानंतर जवळच्या खाणावळीत तुफान गर्दी. आम्ही दोघं बसलो, पाच खुर्च्यांवर पिशव्या ठेवल्या. बाकीचे अजून भीमेकाठी फोटो काढत होते. एक आजी-आजोबा आले. "बाळा, इथं कोणी आहे का?" मी म्हणालो, "आहेत ना, येतायत." खोटं नव्हतं. पण वीस मिनिटं ते दोघं उभे होते, आणि खुर्च्या रिकाम्या. नंतर जेवण गोड लागलं नाही.

सगळ्यांनी एकत्र जेवावं असं वाटणं चूक आहे का? मुळीच नाही, गोपाळांनाही तेच हवं होतं. पण त्यांच्या मध्ये कृष्ण होता, म्हणून बाहेर आणखी एक रांग सहज बसू शकत होती. आमच्या मध्ये आम्हीच होतो. तिथं दोन माणसंही मावली नाहीत.

पुढच्या वेळी चार-तीन असे वाटून बसू. गप्पा काय, गाडीतही होतात!

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥