ते ज्ञान मागायला आले होते



पवित्र कुरआनची 80 वी सूरह ‘अबस’ कोणत्या प्रसंगी अवतरली, हे आपण अनेकदा ऐकले आहे. मक्केत आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशांच्या सरदारांना सत्यधर्म समजावून सांगत असताना अंध सहाबी माननीय अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) तेथे आले. बोलण्यात खंड पडला, प्रेषितांच्या कपाळावर आठी उमटली आणि अल्लाहने आपल्या प्रेषितांना त्याची जाणीव करून दिली. दुर्बलांवर दया करावी, एवढाच बोध घेऊन आपण थांबतो. परंतु इब्ने उम्मे मकतूम (रजि.) दान मागायला आले नव्हते. ते ज्ञान मागायला आले होते.

पुढे मदिनेत ते मुअज्जिन झाले. माननीय बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, रोजेदारांनी खाणेपिणे थांबवायचे ते इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांच्या अजानवर. त्यांना पहाट दिसत नसे. उजाडल्याचे लोक सांगत, मग ते अजान देत. डोळे इतरांचे, अजान त्यांची!

विद्यापीठाच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, तो याहून वेगळा कसा? हात दुसऱ्याचा, उत्तर विद्यार्थ्याचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 40 टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखल्या आहेत. लेखी परीक्षेत दर तासाला किमान 20 मिनिटे अधिक मिळावीत, असे केंद्र सरकारचे निर्देश आहेत. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. ही खैरात नव्हे. हा हक्कुल इबाद आहे आणि त्याचा हिशेब द्यावा लागेल.

इजिप्तचे तहा हुसैन बालपणीच अंध झाले. घरच्यांनी त्यांना अल-अजहरला धाडले. 1914 मध्ये त्यांनी कैरोच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, 1950 मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. (त्यांच्या काही मतांवर मोठे वाद झाले, ते असो.) आपल्याकडे मात्र पहिले दार घरातच बंद होते. मुलगी असेल तर आधीच! ‘बिचारी कुठे जिने चढणार?’ असे आपण प्रेमाने म्हणतो आणि तिचे शिक्षण संपते. जिन्याचा दोष तिच्या माथी का? वर्ग तळमजल्यावर आणता येतो, उतरंड बांधता येते. आपल्या मशिदींच्या वजूखान्याच्या पायऱ्यांकडेही एकदा पाहावे.

प्रवेशाच्या दिवसांत तिचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र तयार ठेवा. लेखनिक, जादा वेळ, तळमजल्यावरील वर्ग, जे हवे ते महाविद्यालयाकडे लेखी मागा. तिला सोबत न्या, तिलाच बोलू द्या आणि अर्जाची पोच घेऊन या.