वखराची पास

पांढरकवड्याच्या घरी जुना लॅपटॉप उघडला. 2016 मध्ये बाबांनी कापूस विकून इंजिनिअरिंगसाठी घेऊन दिलेला. रॅम चारची आठ जीबी केली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. प्लुटार्कने नोंदवलेला थीसिअसच्या जहाजाचा प्रश्न आठवला: एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहतं का?

बाबा म्हणाले, "पास बदलली म्हणून वखर नवा होते का रे?"

पटलं. पण पास काही साठवून ठेवत नाही. हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली की आधी फक्त तिची नोंद जाते, मजकूर लगेच पुसला जात नाही. तिसऱ्या वर्षी बाबांना लिहिलेलं, कधीच न दिलेलं 'शिक्षण सोडतो' हे पत्र तिच्यात अजून असेल. लॅपटॉप तोच असेल, तर तो मुलगाही मीच. डिस्क भंगारात देण्याआधी बाबांना हे सांगायला हवं.